दार्दानोसची तलवार : जिभेखालच्या चुंबकाचं प्रकरण

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘सप्लेमां ग्रेक 574’ या क्रमांकाची पपायरसची एक वही आहे. 36 पानं, 3274 ओळी. मजकूर बहुतेक ग्रीक, मध्येच थोडा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतला. काळ साधारण इ.स.चं चौथं शतक, ठिकाण वरचा इजिप्त, बहुधा थीब्ज म्हणजे आजचं लक्सर. अलेक्झांड्रियातला स्वीडन-नॉर्वेचा वाणिज्यदूत झां दानास्तासी याच्या संग्रहात ती होती, आणि 1857च्या लिलावातून पॅरिसला आली. ही मांत्रिकाची कामाची वही. भूत उतरवणं, स्वप्न पाठवणं, देवाला दिव्याच्या ज्योतीत बोलावणं, आणि अर्थातच माणूस वश करणं, सगळं एकाखाली एक उतरवून ठेवलेलं. 1716 ते 1870 या ओळींत ‘दार्दानोसची तलवार’ नावाचा प्रयोग आहे. लोहचुंबकावर आधारलेल्या वशीकरणाची इतकी सविस्तर कृती जुन्या जगातून क्वचितच हाती लागते.

चुंबक ओढतो, म्हणून माणूसही ओढला जाईल, असा सरळ हिशेब यामागे असणार असं कुणालाही वाटेल. पण कृती नीट वाचली की तो हिशेब बसत नाही. ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिच्या जवळपासही दगड जात नाही. तो जातो करणाऱ्याच्या जिभेखाली. तिच्या दारापर्यंत जातं ते लाकूड. असं का, हे कळायला एकेक वस्तू हातात घेऊनच बघावी लागते.

मागणी

प्रयोगाचं आश्वासन मोठं आहे : याच्या ताकदीला तोड नाही, ज्याचा हवा त्याचा जीव हा लगेच वाकवतो आणि ओढून आणतो. मंत्र म्हणताना ‘अमुकाचा जीव मी वाकवतो आहे’ असंही म्हणायचं. ‘अमुक’ची जागा रिकामी आहे, गिऱ्हाईक येईल तसं नाव भरायचं. म्हणजे हा कुणा एकाच्या प्रेमभंगाचा दस्तऐवज नव्हे, व्यवसायाचा नमुना-अर्ज आहे.

याच वहीत बरंच आधी, 296व्या ओळीपासून, दुसरा एक वशीकरण प्रयोग आहे. त्यात मातीच्या बाहुलीला 13 तांब्याच्या सुया टोचायच्या, शिशाच्या पत्र्यावर मंत्र लिहायचा आणि अकाली मेलेल्याच्या थडग्यापाशी ठेवायचा. तशी सुया टोचलेली बाहुली इजिप्तमध्ये प्रत्यक्ष सापडली, ती आज लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्या प्रयोगात मेलेल्याकडून काम करून घ्यायचं असतं. चुंबकाच्या प्रयोगात थडगं नाही, सुई नाही, प्रेत नाही. खर्च मात्र कितीतरी जास्त : सोनं, केशर, अफू, कोरीव दगड, लाकडी मूर्ती. गिऱ्हाईक पैसेवालं असावं.

दगड

वही म्हणते : चुंबकी दगड घे, ‘श्वास घेणारा’. या एका विशेषणावर सगळी निवड ठरते.

मॅग्नेटाइट हे लोहखनिज जगात भरपूर आहे. ते चुंबकाकडे ओढलं जातं, पण त्याचे बहुतेक तुकडे स्वतः काहीच ओढत नाहीत. स्वतः लोखंड उचलणारे तुकडे थोडे. ते चुंबकित कसे झाले याचं आज सर्वाधिक मान्य असलेलं कारण म्हणजे जमिनीवर उघड्या पडलेल्या खडकावर वीज कोसळणं. खोल खाणीतून काढलेला दगड बहुधा निर्जीव निघतो. पारख सोपी आहे. दगड लोखंडाच्या किसात बुडवून बाहेर काढायचा. कीस केसांसारखा ताठ उभा राहिला तर दगड जिवंत. नुसता धुळीसारखा चिकटला तर तो ओलाव्याने चिकटलाय, दगड परत करावा.

रोमन लेखक प्लिनीने सोटाकस या जुन्या ग्रीक लेखकाच्या हवाल्याने चुंबकाच्या पाच जाती दिल्या आहेत. त्यांत इथिओपियाचा सर्वोत्तम, आणि तो चांदीच्या भारोभार विकला जाई. त्याची खूण अशी, की तो दुसऱ्या चुंबकालाही ओढतो. ट्रोआसचा, म्हणजे ट्रॉयच्या परिसरातला, काळा दगड ‘मादी’ आणि म्हणून बिनताकदीचा, असंही तो सांगतो. इजिप्तच्या मांत्रिकाला इथिओपियाचा माल तसा जवळचा पडत असणार.

‘श्वास’ हा शब्द उगाच आलेला नाही. लोखंड हलवतो म्हणून चुंबकाला जीव आहे, असं जुना ग्रीक तत्त्वज्ञ थेलिस म्हणे. ॲरिस्टॉटलने ते नोंदवलं आहे. ग्रीकमध्ये ‘सायकी’ म्हणजे जीव, आणि दगडावर जिला कोरायचं ती पुराणकथेतली बाईही सायकीच. ज्यात जीव आहे अशा दगडावर जीवाचं चित्र, असा हा मेळ आहे. दार्दानोसचं नावही इथे शोभतं. हा ट्रॉयच्या राजघराण्याचा पौराणिक मूळपुरुष, आणि त्याचा संबंध सामोथ्रेस या ग्रीक बेटाच्या गुप्त दीक्षेशी लावत. तिथल्या लोखंडी अंगठ्या प्रसिद्ध होत्या. पितळी वाडग्याखाली चुंबक धरला की वाडग्यातलं सामोथ्रेसचं लोखंड उड्या मारतं, हे रोमन कवी ल्युक्रेशियसने इ.स.पूर्व पहिल्या शतकात डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे.

आजच्या बाजारात जी ‘चुंबकी हेमॅटाइट’ची चकचकीत मण्यांची माळ मिळते ती खनिज नसतेच. तो भट्टीत भाजलेला फेराइट, म्हणजे बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम मिसळलेला कृत्रिम माल. खरा हेमॅटाइट, म्हणजे दुसरं एक लोहखनिज, कसाच्या पाटीवर लालसर तपकिरी रेघ सोडतो, मॅग्नेटाइट काळी.

कोरकाम

इथे कारागिराची कसोटी लागते. पुढच्या बाजूला प्रेमाची देवी आफ्रोदिते हिला सायकीवर घोड्यावर बसल्यासारखी बसवायची, डाव्या हाताने तिचे कुरळे बांधलेले केस धरलेले. डोक्यावर ‘अखमागे रारपेप्सेइ’. खाली आकाशाच्या घुमटावर उभा प्रेमाचा देव इरॉस, हातात पेटती मशाल, तो सायकीला भाजतो आहे. त्याच्याखाली नावांची रांग : ‘अखापा अदोनाइए बास्मा खाराको याकोब याओ ए फारफारेइ’. त्यातले अदोनाइ, याकोब आणि याओ ज्यू परंपरेतले, बाकीची नावं फक्त उच्चारापुरती. मागच्या बाजूला सायकी आणि इरॉस एकमेकांच्या मिठीत. इरॉसच्या पायांखाली सिग्मा हे अक्षर आठ वेळा, सायकीच्या पायांखाली ईटा आठ वेळा.

म्हणजे तीन आकृत्या एका अंगाला, दोन दुसऱ्या अंगाला, आणि साठ-सत्तर अक्षरं. मंतरलेल्या खड्यांचा आकार साधारण 1 ते 4 सेंटिमीटर. समजा 2.5 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद आणि 4 मिलिमीटर जाड असा लंबगोल घेतला, तर मॅग्नेटाइटच्या 5.2 घनतेने त्याचं वजन 8 ग्रॅमच्या आसपास येतं. अक्षराची उंची मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

मॅग्नेटाइटचा कठीणपणा खनिजांच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर 5.5 ते 6.5. पोलादी सुईने त्यावर जेमतेम ओरखडा उठतो, कोरता येत नाही. तेलात किंवा पाण्यात कालवलेली कुरुंदाची पूड, कठीणपणा 9, फिरत्या सळईच्या टोकाला लावून दगड घासत न्यायचा. त्या काळी नाक्सोस बेटाची एमरी यासाठी नावाजलेली होती. अडचण अशी, की सळईचं टोक लोखंडी असेल तर जिवंत दगड त्याला बाजूला खेचतो, आणि झिजलेल्या लोखंडाची पूड कोरलेल्या खाचेतच अडकून बसते. रेघ कुठे संपली ते दिसत नाही. तांब्याचं टोक वापरलं की दोन्ही त्रास जातात. वहीत हे लिहिलेलं नाही. कारागिराला सांगायची गरज नसावी.

तीन चुका नेहमीच्या. पहिली, अक्षरं उलटी कोरणं. शिक्क्याचे खडे कोरणाऱ्याचा हात आरशातल्यासारखा लिहितो, कारण त्याला मेणावरचा ठसा सुलटा हवा असतो. मंतरलेला खडा मात्र ठसा उमटवण्यासाठी नसतो, तो थेट वाचायचा, म्हणून अक्षरं दगडावरच सुलटी. दुसरी चूक उष्णतेची. मॅग्नेटाइटचं चुंबकत्व 580 अंश सेल्सिअसच्या सुमारास पूर्ण जातं, आणि त्याआधीही ते उतरत असतं. पाणी न घालता घाईने घासलं, किंवा खडा कोंदणात असताना झाळकाम केलं, की कातळ तोच राहतो, ‘श्वास’ जातो.

तिसरी चूक सर्वांत फसवी. चपट्या खड्याची दोन टोकं, म्हणजे ध्रुव, जर त्याच्या दोन सपाट अंगांवर आली तर खडा स्वतःच्याच क्षेत्राने स्वतःला दुबळं करतो. पातळ चकतीत हा परिणाम सर्वांत जास्त. ध्रुव लांबीच्या दोन टोकांना पडतील असा कापला तर ताकद टिकते. म्हणून कच्चा दगड आधी किसात बुडवून कीस कुठे उभा राहतो ते पाहायचं, खडूने खुणा करायच्या, आणि मगच करवत लावायची. चुंबकाला दोन ध्रुव असतात हे युरोपात पीटर पेरेग्रिनसने 1269 मध्ये नीट मांडलं, तेव्हा पपायरसच्या मांत्रिकाकडून ही अपेक्षा करता येत नाही. पण त्याच्याकडे काही खडे जोरकस आणि काही मंद निघत असणार, आणि त्याचं खापर तो लसणीवर फोडत असेल. लसूण चोळली की चुंबक मरतो, ही समजूत ग्रीक लेखक प्लूटार्कपासून सोळाव्या शतकापर्यंत टिकली. इटलीच्या देल्ला पोर्ता या अभ्यासकाने लसूण चोळून पाहिली तेव्हा काहीच झालं नाही.

जिभेखाली

कोरून आणि विधीने सिद्ध करून झालेला दगड जिभेखाली ठेवायचा, हवा तसा फिरवायचा आणि मंत्र म्हणायचा. मंत्र इरॉसला आहे. हा मात्र बाण मारणारा गुबगुबीत पोरगा नव्हे. तो सृष्टीचा आरंभ, सोनेरी पंखांचा, प्रत्येक जीवात लपून राहणारा, ज्याचा उजेड म्हणजेच अंधार, जो शहाणे विचार झाकून टाकतो आणि काळं वेड फुंकतो. इथे पुन्हा फुंकरच आहे.

दगड तोंडात का, याचं उत्तर इथे मिळतं. या प्रयोगात चुंबक बाईला ओढत नाही, तो करणाऱ्याच्या शब्दाला ताकद देतो. श्वास घेणारा दगड, फुंकणारा देव, आणि बोलणारं तोंड, तिन्ही एकाच जागी आणली आहेत. चुंबकाबद्दल जुन्या लोकांना थक्क करणारी गोष्ट हीच होती, की त्याचा जोर मधल्या वस्तूतून पार जातो. चांदीच्या ताटलीखाली चुंबक फिरवला आणि वर लोखंड फिरलं, हे ऐकून ख्रिस्ती संत ऑगस्टीनही चकित झाला. ताटलीतून जातो, तर मग भिंतीतून, गल्लीतून, झोपेतून का नाही, असा तर्क मांत्रिकाने केला असणार.

‘फिरव’ या सूचनेला आणखी अर्थ दिसतो. एका अंगावर भाजणं, दुसऱ्या अंगावर मिठी. जिभेखाली खडा उलटला की छळाचं चित्र वरून खाली जातं आणि मिठी वर येते. पपायरस असं उघड म्हणत नाही, पण दोन्ही अंगं कोरण्याचा एवढा खटाटोप आणि लगेच फिरवण्याची आज्ञा, यांची सांगड दुसरी कशी घालणार?

व्यवहारात अडचण अशी, की अडीच सेंटिमीटरचा दगड जिभेखाली ठेवून इतका मोठा ग्रीक मंत्र स्पष्ट म्हणता येत नाही. जीभ टाळूला टेकत नाही, त ल र ही व्यंजनं घसरतात. वहीच्या नियमाने नावाचा उच्चार चुकून चालत नाही. म्हणून खडा छोटा हवा, आणि छोटा म्हणजे आणखी बारीक कोरकाम. लाळेने मॅग्नेटाइटला काही होत नाही. गिळला जाण्याचा धोका खरा. हौसेने हे करून बघणाऱ्याने आजचे निओडिमियमचे चुंबक तोंडाजवळही नेऊ नयेत. दोन पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना पकडतात आणि आतडं भोकसतात. असं झालं तर वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

दोन पत्रे, एक पक्षी, एक मूर्ती

‘तलवार’ म्हणजे दगड नव्हे, सोन्याचा पत्रा. त्यावर थुरिएल, मिखाएल, गाब्रिएल, उरिएल, मिसाएल, इर्राएल, इस्त्राएल ही नावं आणि प्रार्थना लिहायची. पत्रा पेर्दिक्स पक्ष्याला, म्हणजे आपल्या चकोराच्या कुळातल्या तित्तिराला, गिळायला द्यायचा आणि पक्षी मारायचा. मग पत्रा काढून घेऊन, त्यात ‘पैदेरोस’ नावाची वनस्पती गुंडाळून गळ्यात बांधायचा. ग्रीकांच्या मते हा पक्षी अतिशय कामुक. ॲरिस्टॉटलनेही तसं लिहिलंय. सोनं जठररसात विरघळत नाही, त्यामुळे अक्षरं शाबूत राहतात, अर्थात पत्रा नीट गुंडाळला असेल तर. उघडा राहिला तर पेषणीतले, म्हणजे पक्ष्याच्या पोटातल्या दळणाऱ्या पिशवीतले, खडे तो चुरगाळतात.

इरॉसची मूर्ती तुतीच्या लाकडाची : पंख, अंगावर झगा, पाऊल टाकण्यासाठी उचललेला उजवा पाय, आणि पाठीत पोकळी. पोकळीत दुसरा सोन्याचा पत्रा, त्यावर न तापवता ठोकलेल्या तांब्याच्या लेखणीने हव्या त्या व्यक्तीचं नाव, ‘मार्साबुतार्थे’ हा शब्द, आणि ‘माझा साथीदार हो, स्वप्नं पाठव’ अशी विनंती. न तापवता ठोकलेलं तांबं तापवलेल्या तांब्यापेक्षा बरंच कडक होतं, टोक बोथट होत नाही. शिवाय तांबं आफ्रोदितेचा धातू.

पाय उचललेला का, ते पुढे कळतं. या मूर्तीला चालायचं आहे.

धूप

मूर्तीला आणि सगळ्या प्रयोगाला ‘जीव देणारा’ धूप असा : मन्ना, म्हणजे ओलिबानम या सुगंधी डिंकाचा चुरा, 4 द्राख्मा (ग्रीक वजन), शिलारस ही सुगंधी राळ 4, अफू 4, बोळाचं मापही सहसा तेवढंच धरतात, ओलिबानम, केशर आणि ‘ब्देल्ला’ प्रत्येकी अर्धा द्राख्मा. रसाळ सुकं अंजीर घालून सुगंधी वाइनमध्ये मळायचं. द्राख्मा 3.4 ग्रॅमच्या आसपास धरला तर कोरडा माल 60 ग्रॅम होतो, केशर त्यात पावणेदोन ग्रॅम.

‘ब्देल्ला’ म्हणजे बहुधा गुग्गुळ, आणि इथे आपला संबंध जुळतो. पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात बारिगाझा, म्हणजे भडोच बंदराच्या याद्या आहेत : गुग्गुळ तिथून पश्चिमेला जाई आणि शिलारस पश्चिमेकडून तिथे येई. त्याच बंदराला पैठण आणि तेरहून गाड्या येत. वही त्यानंतर तीन शतकांची, पण धुपाच्या एकाच गोळीत जाणारा माल आणि येणारा माल दोन्ही मिसळलेत.

अफूने डोकं फिरत असेल, अशी शंका पुष्कळ जण काढतात. निखाऱ्यावर टाकलेली अफू बहुतांशी जळून जाते; बंद खोलीत गरगरायला लावणारी गोष्ट कोळशाचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. अंजीर जास्त झालं तर साखर करपते आणि सगळा सुगंध मरतो. वाइन जास्त झाली तर गोळी पेटतच नाही, नुसती सुस्कारते.

दारावरची थाप

रात्री उशिरा बाईच्या घराशी जायचं, मूर्तीनेच दार ठोठवायचं आणि म्हणायचं : अमुक इथे राहते, तिच्याजवळ उभा राहा, ती ज्या देवाला भजते त्याचं रूप घे आणि माझं म्हणणं तिला सांग. मग घरी येऊन मेज मांडायचं, त्यावर स्वच्छ तागाचं कापड, हंगामाची फुलं, मध्ये मूर्ती, धूप, आणि न थांबता मंत्र.

सगळ्या कृतीतला सर्वांत क्रूर भाग इथे आहे, मशालीपेक्षाही. तिच्या स्वतःच्या देवाचा चेहरा घालून तिला फसवायचं. तिची संमती कुठेही विचारलेली नाही, उलट ती द्यायची तिची क्षमताच काढून घ्यायची आहे. ‘प्रेम’ या नावाखाली हे वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

धोकाही इथेच. साधारण इ.स. 300च्या सुमाराच्या रोमन कायद्याच्या संकलनात प्रेमाचं औषध देणाऱ्या हलक्या दर्जाच्या माणसाला खाणीत, वरच्या दर्जाच्याला बेटावर पाठवायची शिक्षा आहे. कुणाला मोहित करायला किंवा बांधायला रात्रीचे विधी करणाऱ्याला क्रूस किंवा हिंस्र जनावरं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कायद्याने रोगावरचे आणि पिकं वाचवण्याचे उपाय माफ केले, पण सच्छील मनं वासनेकडे वळवणाऱ्यांना नाही. अंधारात परक्या दाराशी लाकडी इरॉस घेऊन उभा असलेला माणूस पकडला गेला तर पाठीतल्या पोकळीत बाईचं नाव आणि गळ्यात देवदूतांची नावं, असा मुद्देमाल सोबतच.

हाती आलेले खडे

ही कृती नुसती कागदावर राहिली नाही. रने मूतेर्द या अभ्यासकाने 1930 मध्ये बैरूतहून असाच एक खडा प्रसिद्ध केला, आणि दुसरा इटलीत पेरूजाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कुणीतरी दगड निवडला, कारागिराला चित्र समजावलं, आणि पैसे मोजले.

संग्रहालयांच्या जुन्या याद्यांत काळा खडा दिसला की ‘हेमॅटाइट’ लिहून मोकळं होण्याची रीत होती. खातरजमा करायची तर कोरलेल्या खड्यावर कसाची पाटी घासू नये, आणि मोठा चुंबकही जवळ आणू नये. त्याने दगडाचं मूळ चुंबकत्व बदलतं आणि पुरावा कायमचा जातो. छोटं होकायंत्र मेजावर स्थिर ठेवावं आणि खडा हळूहळू पुढे सरकवत, दोन-तीन सेंटिमीटरवर आणून, फिरवून पाहावा. खडा अर्धा वळसा फिरल्यावर सुईची दिशा उलटली तर दगडाला स्वतःचे ध्रुव आहेत. खडा कसाही फिरवला तरी सुई त्याच्याकडेच ओढली जात असेल तर तो मॅग्नेटाइट आहे, पण श्वास घेत नाही. सुई हललीच नाही तर यादीतलं ‘हेमॅटाइट’ बहुधा बरोबर.